कीट्सचं चरित्र हातात घेताना

इंग्रजीतल्या एखाद्या रोमँटिक कवीचं चरित्र वाचायचं मनात असेल आणि सुरुवात कुठून करावी हे ठरत नसेल, तर जॉन कीट्स घ्या. वर्ड्सवर्थ ८० वर्षं जगला, आणि त्याच्या उत्तरायुष्याची पानं नवख्या वाचकाला नेटाने ओढावी लागतात. बायरनच्या चरित्रात माणसं, देश आणि भानगडी इतक्या असतात की दमछाक होते. कीट्सचं आयुष्य ३१ ऑक्टोबर १७९५ ते २३ फेब्रुवारी १८२१ एवढंच. लिहिण्याची वर्षं जेमतेम सहा. पण त्याची पत्रं इतकी टिकली आहेत की काही महिने आपण त्याच्यासोबत जवळजवळ आठवड्या-आठवड्याने चालू शकतो. कवी घडताना इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळतो.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. कीट्स २५व्या वर्षी क्षयाने गेला हे पुस्तक उघडण्याआधीच आपल्याला माहीत असतं. त्यामुळे आपण प्रत्येक पान त्या शेवटाच्या छायेत वाचतो आणि त्याच्या हसण्यातही करुणा शोधत बसतो. त्याला स्वतःला मात्र पुढचं काही ठाऊक नव्हतं. यावर मला एकच उपाय खात्रीचा वाटतो, तो म्हणजे तारखा. कोणती गोष्ट कधी घडली, आणि ती कोणी, किती वर्षांनी सांगितली, हे विचारत वाचलं की चरित्र वेगळंच दिसू लागतं. खालच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख तिकडेच आहे.

आधी कविता

कविता न वाचता चरित्र उघडू नका. फार नको, सहा पुरेत: चॅपमनच्या होमरवरचं सुनीत, मरणाच्या भीतीवरचं ‘व्हेन आय हॅव फिअर्स’, ‘ला बेल दाम सां मेर्सी’, ‘ओड टू अ नाइटिंगेल’, ‘ओड ऑन अ ग्रीशियन अर्न’ आणि ‘टू ऑटम’. दोन-तीन संध्याकाळी पुरतात. मोठ्याने वाचा. शब्द अडला तर आधी ओळ पूर्ण करा, मग शब्दकोश उघडा. केशवसुतांमुळे चौदा ओळींचं सुनीत मराठी वाचकाला परकं नाही, त्यामुळे पहिल्या दोन कवितांचा आकार लगेच ओळखीचा वाटेल.

कविता समजल्याच पाहिजेत असं नाही. पुढे चरित्रकार जेव्हा म्हणेल की अमुक आठवड्यात अमुक कविता लिहिली गेली, तेव्हा ती कानात असायला हवी, एवढंच.

कोणतं चरित्र?

कीट्सची चरित्रं बरीच आहेत. पहिलं मोठं चरित्र रिचर्ड मंक्टन मिल्न्सचं, १८४८चं, दोन खंडांत. मिल्न्सने कीट्सला कधी पाहिलं नव्हतं. कीट्सचा मित्र चार्ल्स ब्राउन याला स्वतःच चरित्र लिहायचं होतं, पण अमेरिकेत गेलेल्या कीट्सच्या भावाने, जॉर्जने, त्यात अडथळा आणला. शेवटी १८४१मध्ये न्यूझीलंडला निघण्यापूर्वी ब्राउनने आपले कागद मिल्न्सच्या हवाली केले. त्यानंतर सिडनी कॉल्विन (१९१७), एमी लोवेल (१९२५), वॉल्टर जॅक्सन बेट आणि आयलीन वॉर्ड (दोन्ही १९६३), रॉबर्ट गिटिंग्ज (१९६८), अँड्र्यू मोशन (१९९७), निकोलस रो (२०१२) अशी रांग आहे.

नव्या वाचकाने गिटिंग्ज घ्यावं असं माझं मत आहे. कीट्स कोणत्या दिवशी कुठे होता, काय वाचत होता, त्या वाचनातली कोणती ओळ चार दिवसांनी त्याच्या कवितेत उतरली, हे शोधण्यात गिटिंग्जचा हात धरणारा कोणी नाही. बेटचं पुस्तक जाडजूड आहे आणि कवितांची चिकित्सा त्यात अधिक आहे. पुलित्झर मिळालेलं हे पुस्तक मोठंच, पण ते दुसरं वाचा. मोशन त्या काळातल्या राजकारणाकडे जास्त लक्ष देतो. कॉल्विन इंटरनेटवर मोफत मिळतं आणि भाषा सुरेख आहे, मात्र १९१७नंतर उजेडात आलेलं त्यात काहीच नाही, हे ध्यानात ठेवून वाचा.

पुस्तक हातात आलं की प्रस्तावना आणि मागच्या टिपा आधी चाळा. लेखक आपले पुरावे देतो का, की नुसतंच ‘त्याला वाटलं असावं’ म्हणत पुढे जातो? टिपा नसलेलं चरित्र पहिल्या वाचनासाठी बाजूला ठेवा.

नावांचा कागद

ही पायरी क्षुल्लक वाटेल, पण बहुतेक नवे वाचक पन्नासाव्या पानाच्या आसपास इथेच अडखळतात. कीट्सच्या आयुष्यात दोन फॅनी आहेत: धाकटी बहीण फॅनी कीट्स आणि प्रेयसी फॅनी ब्रॉन. आईचं नाव फ्रान्सेस, म्हणजे तेही तेच. थॉमस दोन, वडील आणि टॉम म्हणून ओळखला जाणारा भाऊ. चार्ल्स निदान तीन: शाळेपासूनचा मित्र चार्ल्स काउडन क्लार्क, घरसोबती चार्ल्स ब्राउन आणि शेजारी चार्ल्स डिल्क. क्लार्कही तीन, कारण काउडन क्लार्कचे वडील एनफिल्डच्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि रोममध्ये कीट्सवर उपचार करणारा डॉक्टर जेम्स क्लार्क होता.

एक कोरा कागद घ्या आणि नवं नाव आलं की लिहा: हा कोण, कीट्सला कधी भेटला, आणि याने पुढे कीट्सबद्दल काही लिहून ठेवलं का? तिसरा रकाना सोडू नका. ज्यांनी लिहून ठेवलं तेच आपले साक्षीदार. हा कागद पुस्तकातच खूण म्हणून ठेवला की सारखा हाताशी राहतो.

तारखांची वही

दुसऱ्या कागदावर डावीकडे महिना आणि गाव, मध्ये घरातल्या घटना, उजवीकडे कविता. सुरुवातीची वर्षं चार-चार ओळींत उरकतील. १८०४मध्ये वडील घोड्यावरून पडून गेले, आईने दोनच महिन्यांत दुसरं लग्न केलं, १८१०मध्ये आईही क्षयाने गेली. मग एडमंटनच्या हॅमंड नावाच्या सर्जनकडे उमेदवारी. ऑक्टोबर १८१५मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात प्रवेश, जुलै १८१६मध्ये औषधोपचाराचा परवाना देणारी परीक्षा पास.

वैद्यकीच्या शिक्षणाचं प्रकरण बरेच जण भराभर उलटतात. तसं करू नका. बधिरीकरण नसलेल्या काळात ऑपरेशनच्या टेबलाजवळ उभा राहणारा, जखमा बांधणारा हा मुलगा होता. पुढे ‘द फॉल ऑफ हायपेरियन’ या अपुऱ्या राहिलेल्या काव्यात तो कवीला सर्व माणसांचा वैद्य म्हणतो, तेव्हा ते बोलणं अनुभवातून आलेलं असतं.

१८१९ला मात्र एक अख्खं पान द्या. जानेवारीत ‘द ईव्ह ऑफ सेंट अॅग्नेस’. एप्रिलमध्ये ‘ला बेल दाम’ आणि ‘सायकी’. मेपर्यंत ‘नाइटिंगेल’ आणि ‘ग्रीशियन अर्न’. उन्हाळ्यात ‘लेमिया’. १९ सप्टेंबरला विंचेस्टरमध्ये ‘टू ऑटम’. हे सगळं नऊ महिन्यांत. मधल्या रकान्यात याच काळात काय चाललं होतं तेही लिहा: पैशाची चणचण, घशाचं दुखणं, एप्रिलपासून भिंतीपलीकडे राहायला आलेले ब्रॉन कुटुंबीय. उजवा आणि मधला रकाना एकमेकांना सरळ उत्तर देत नाहीत, हे तुम्हालाच दिसेल. दुःख झालं म्हणून कविता आली, असं गणित कुठेच जुळत नाही. चरित्रकार ते जुळवू लागला की सावध व्हा.

पैशाबद्दल आणखी एक नोंद करा. आजोबांच्या मृत्युपत्रातून मिळू शकणारी रक्कम चॅन्सरी न्यायालयात पडून होती, आणि तिचा कीट्सला शेवटपर्यंत पत्ता नव्हता. त्याच्या प्रत्येक कर्जाकडे, लग्न लांबणीवर टाकण्याकडे हे जाणून पाहिलं की जीव तुटतो. पण पुन्हा तेच: हे आपल्याला माहीत आहे, त्याला नव्हतं.

पत्रं शेजारी ठेवा

चरित्रकार पत्रातली अर्धी ओळ देतो आणि पुढे जातो. तुम्ही थांबा, ते अख्खं पत्र काढा. एक जागा सांगतो, तिथून सुरुवात करा.

२१ सप्टेंबर १८१९ला कीट्सने विंचेस्टरहून मित्र जॉन हॅमिल्टन रेनल्ड्सला लिहिलेलं पत्र. दोन दिवसांपूर्वी, रविवारी, तो फिरायला गेला होता. तो लिहितो, काय सुरेख ऋतू आहे हा, हवेला कशी बोचरी धार आहे. कापणी झालेलं रान मला आत्ता इतकं कधीच आवडलं नव्हतं, वसंतातल्या थंड हिरवाईपेक्षाही. काही चित्रं जशी ऊबदार दिसतात तसं ते बोडकं शेत ऊबदार दिसतं. आणि मग सहज सांगतो की हे मनाला इतकं भिडलं, की त्यावर काही रचलं. ते ‘काही’ म्हणजे ‘टू ऑटम’.

आता कविता पुन्हा वाचा. शेवटच्या कडव्यात त्या कापलेल्या रानावर गुलाबी उजेड पडला आहे. पत्रातल्या ‘मी’ला मात्र कवितेत जागाच नाही. फिरायला गेलेला माणूस गळून पडला आहे, राहिलं आहे ते रान, चिलटांचा थवा, कोकरं, आभाळातल्या पाकोळ्या. याच पत्रात तो ‘हायपेरियन’ हे दीर्घकाव्य सोडून दिल्याचंही सांगतो, कारण त्यात मिल्टनच्या धाटणीची वाक्यरचना फार झाली. एका पानात एक कविता मिळाल्याची आणि एक सोडल्याची बातमी. असा दिवस चरित्रकाराच्या सारांशातून कधीच पुरता हाती लागत नाही.

पत्रांची हायडर रॉलिन्सने संपादित केलेली १९५८ची दोन खंडांची आवृत्ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाली तर उत्तम. इंटरनेटवर मोफत मिळते ती बहुधा कॉल्विनची १८९१ची आवृत्ती. ती वाचायला काहीच हरकत नाही, पण फॅनी ब्रॉनला लिहिलेली पत्रं कॉल्विनने त्यातून जाणूनबुजून वगळली आहेत. ती वेगळी मिळवा. नाहीतर १८१९-२०चा कीट्स तुम्हाला अर्धाच भेटेल.

पत्र म्हणजे तरी नेहमी मूळ कागदच असतो असं नाही. ‘निगेटिव्ह कॅपेबिलिटी’, म्हणजे उत्तराची घाई न करता शंकेत, अनिश्चिततेत राहण्याची क्षमता, ही कीट्सची सर्वांत गाजलेली कल्पना डिसेंबर १८१७मध्ये भावांना लिहिलेल्या पत्रात येते. ते मूळ पत्र उरलेलं नाही. आपण वाचतो ती जॉर्जच्या विधवेच्या दुसऱ्या नवऱ्याने, जॉन जेफ्रीने, केलेली नक्कल. जेफ्रीच्या नकला काटेकोर नसत. ज्या दोन शब्दांवर एवढं लिहिलं गेलं ते अशा धाग्यावर टांगलेले आहेत.

कोण सांगतंय, आणि कधी?

‘नाइटिंगेल’ कशी लिहिली गेली याची गोष्ट प्रत्येक चरित्रात येते. सकाळच्या न्याहरीनंतर कीट्सने खुर्ची बागेत झाडाखाली नेली, दोन-तीन तास बसला, आणि आत आला तेव्हा हातातले कागदाचे कपटे पुस्तकांच्या मागे सारत होता. ब्राउनने ते चार-पाच कपटे गोळा करून कविता वाचवली. गोष्ट गोड आहे. सांगणारा ब्राउन, सांगितली साधारण सतरा वर्षांनी. त्याच घराशी जवळचा संबंध असलेल्या डिल्कने हे मानलं नाही. आणि या कवितेचा कीट्सच्या हातचा जो मसुदा केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे, तो दोन कागदांवर आहे. याचा अर्थ ब्राउन खोटं बोलला असा नाही. झाड, खुर्ची, सकाळ ठेवा. कपट्यांची संख्या आणि ‘मी वाचवली’ हा भाग पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घालून ठेवा.

आता ३ फेब्रुवारी १८२०ची रात्र. कीट्स थंडीत घोडागाडीच्या टपावर बसून हॅम्पस्टेडला परतला होता. अंथरुणात शिरताना खोकला आला, चादरीवर रक्ताचा थेंब पडला. ब्राउन सांगतो, त्याने मेणबत्ती मागितली, थेंब निरखला आणि शांतपणे म्हणाला की या रक्ताचा रंग मी ओळखतो, हे धमनीचं रक्त आहे, हे माझ्या मृत्यूचं फर्मान. हेही ब्राउननेच, तितक्याच वर्षांनी लिहिलेलं. पण इथे ताळा करता येतो. थोड्याच दिवसांत कीट्सने फॅनीला लिहिलेल्या पत्रात त्या रात्री रक्ताचा लोंढा येऊन जीव घुसमटल्याचा उल्लेख आहे. कदाचित आपण वाचणार नाही असं वाटलं, आणि त्या क्षणी फक्त तुझाच विचार मनात होता, असं तो लिहितो. नेमके शब्द ब्राउनच्या आठवणीतले असतील. रक्त आणि भीती मात्र कीट्सच्या स्वतःच्या हातची आहेत. आणि वैद्यकी शिकलेल्या माणसाला रक्ताचा रंग कळतो, हे आपण आपल्या वहीत आधीच लिहून ठेवलं आहे.

जोसेफ सेव्हर्न हा रोमला सोबत गेलेला चित्रकार मित्र. त्याच्याबाबतही हीच रीत ठेवा. पियात्सा दि स्पान्याजवळच्या त्या खोलीतून त्याने लिहिलेली पत्रं एकीकडे, आणि म्हातारपणी लिहिलेल्या आठवणी दुसरीकडे. पत्रांत थकवा आहे, स्वयंपाक आहे, पैशाची काळजी आहे. आठवणींवर मागाहून रंग चढलेला आहे. २८ जानेवारी १८२१च्या पहाटे त्याने झोपलेल्या कीट्सचं रेखाचित्र काढलं आणि खाली वेळ लिहिली, पहाटेचे तीन, मला जागं राहायला म्हणून काढलं. अशा कागदावर कसलाही रंग चढवलेला नसतो.

टीकेने मारलं, ही दंतकथा

‘एंडिमियन’ या कीट्सच्या दीर्घकाव्यावर १८१८मध्ये दोन झोडपणारी परीक्षणं आली. ब्लॅकवुड्स मासिकात लॉकहार्टने टोपणनावाने लिहिलं आणि पुन्हा औषधाच्या दुकानात जा, मलमपट्ट्या कर, असं सुनावलं. क्वार्टर्ली रिव्ह्यूमध्ये क्रोकरने लिहिलं, आणि चार भागांपैकी पहिलाच वाचल्याचं कबूलही केलं. पुढे कवी शेलीने कीट्सवरच्या ‘अडोनेस’ या शोककाव्याच्या प्रस्तावनेत याच परीक्षणाला कीट्सच्या मरणाचं कारण ठरवलं आणि बायरनने ‘डॉन हुआन’मध्ये एका लेखाने प्राण विझल्याचं लिहिलं. शेली तेव्हा पिसात होता, कीट्सच्या आजारपणात जवळ नव्हता.

तुमची वही उघडा. परीक्षणं ऑगस्ट-सप्टेंबर १८१८ची, पहिला मोठा रक्तस्राव फेब्रुवारी १८२०चा. मध्ये अख्खं १८१९ आहे. ऑक्टोबर १८१८मध्ये कीट्स प्रकाशक हेसीला लिहितो की सौंदर्यावर प्रेम करणारा माणूस स्वतःचाच कठोर टीकाकार असतो, त्याच्यावर स्तुती-निंदेचा परिणाम क्षणभरच टिकतो. त्याच महिन्यात जॉर्जला लिहितो की मरणानंतर मी इंग्रज कवींमध्ये असेन असं मला वाटतं. मोडून पडलेल्या माणसाची ही भाषा नव्हे.

कारण वेगळीकडे आहे. त्याच शरद ऋतूत, हॅम्पस्टेडच्या वेल वॉकवरच्या बिऱ्हाडात, तो क्षयाने खंगत चाललेल्या धाकट्या टॉमची शुश्रूषा करत होता. १ डिसेंबरला टॉम गेला. क्षयाचा जंतू कॉखने दाखवला १८८२मध्ये. इंग्लंडमध्ये तेव्हा हा रोग संसर्गाने होतो असं सहसा मानत नसत. रोममध्ये मानत, म्हणूनच कीट्स गेल्यावर त्याच्या खोलीतलं सामान कायद्याप्रमाणे जाळलं गेलं. टॉमच्या खोलीतले ते महिने वाचताना ‘हा दूर का राहिला नाही?’ असं वाटलं, तर पुन्हा तारीख पाहा.

फॅनी ब्रॉनबद्दल घाई नको

चरित्रांनी सर्वांत जास्त अन्याय कोणावर केला असेल तर तिच्यावर. मिल्न्सच्या १८४८च्या चरित्रात तिचं नावच नाही. ती हयात होती, संसारात होती. १८६५मध्ये ती गेली, आणि १८७८मध्ये कीट्सने तिला लिहिलेली पत्रं छापली गेली. आजारी, संशयाने पछाडलेल्या माणसाची ती पत्रं वाचून लोकांनी दोघांनाही नावं ठेवली. तो अगतिक ठरला, ती उथळ ठरली. तिने त्याला लिहिलेली पत्रं उरलीच नाहीत. शेवटची तर वाचण्याची ताकद त्याच्यात नव्हती. ती न उघडता त्याच्यासोबत पुरली गेली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं जग एकाच बाजूचं बोलणं ऐकून निकाल देत होतं.

१९३७मध्ये तिने कीट्सच्या बहिणीला १८२० ते १८२४ दरम्यान लिहिलेली पत्रं प्रसिद्ध झाली. त्यातली मुलगी हुशार, वाचणारी, दुःख आवरून धरणारी आहे. म्हणून तुमचं चरित्र १९३७च्या आधीचं की नंतरचं, हे फॅनीचं प्रकरण सुरू होण्याआधी पाहून घ्या. आधीचं असेल तर तिच्याबद्दलची विशेषणं सरळ गाळा आणि घटना तेवढ्या वाचा.

वाचून झाल्यावर

लगेच दुसरं चरित्र पहिल्या पानापासून सुरू करू नका. एकच प्रसंग निवडा, ‘नाइटिंगेल’ची सकाळ किंवा रोममधले शेवटचे आठवडे, आणि तो आणखी दोन चरित्रांतून वाचा. ग्रंथालयात बसून तासाभराचं काम आहे. तेच कागद समोर असताना एक लेखक कुठे थांबतो आणि दुसरा कुठे पुढे जातो, हे तिथे उघड दिसतं.

मग सहा कविता पुन्हा, या वेळी लिहिल्या गेल्या त्या क्रमाने.

त्यानंतर शेलीकडे वळायचं असेल तर एक गोष्ट आधीच टिपून ठेवा. त्याच्या वडिलांनी, सर टिमथींनी, मेरी शेलीला नवऱ्याचं चरित्र लिहू दिलं नाही. म्हणून १८३९मध्ये तिने त्याच्या कवितांची आवृत्ती काढली तेव्हा आठवणी कवितांखालच्या टिपांमध्ये लिहिल्या. शेलीचं कोणतंही चरित्र उघडण्याआधी त्या टिपा वाचा, आणि नावांच्या कागदावर पहिलं नाव मेरीचं लिहा.